मशीन गप्प आहे म्हणून माल साफ समजू नका : मेटल डिटेक्टर आणि त्याच्या बॅटरीचा हिशेब

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा लोखंडाचा म्हणून ओळखला जातो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आले, पुढे मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले, १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. त्यांच्याभोवती सुटे भाग बनविणारी असंख्य लहान वर्कशॉप्स उभी राहिली. पण या सगळ्या लोखंडाला रोज पुसायला कापड लागते, हे कापडबाजाराबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. लेथवर काम करणाऱ्याला, प्रेस शॉपमधल्या कामगाराला, ऑइल बदलणाऱ्या फिटरला दिवसभरात मूठमूठभर चिंधी लागते. तिरुपूरच्या होजिअरीची कात्रण, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवरचे तुकडे, पानिपतकडून येणारे जुने कपडे, असा सगळा माल छाटून, कापून, गोण्यांत भरून कारखान्यांच्या दारात पोहोचविणे हा आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांचा धंदा आहे. बाजारात त्याला बनियन वेस्ट म्हणतात, कॉटन वेस्ट म्हणतात. नाव वेस्ट असले तरी त्यावर चुली पेटतात.

होजिअरीच्या नव्या कात्रणात धातूची भीती कमी. खरी अडचण जुन्या कपड्यांची. बटणे, हूक, पँटच्या चेनचे दात, जीन्सचे रिव्हेट, लाँड्रीवाल्याची पिन, किमतीच्या चिठ्ठीला मारलेला स्टेपल, असे काय काय त्यात असते. छाटणाऱ्या बायका हे सारे कात्रीने काढतात, आणि बहुतेक काढतातही. पण दिवसाला शेकडो तुकडे हातांखालून जात असतील तर एखादा हूक शिवणीत राहणारच. तो हूक पुढे ग्राइंडिंग केलेल्या गुळगुळीत भागावर ओरखडा काढतो, नाही तर कामगाराच्या बोटात घुसतो. म्हणून अलीकडे खरेदी खात्याचे लोक विचारतात, "माल डिटेक्टरखालून काढलाय का?" आणि आपण हो म्हणतो, कारण गोदामात हाताचा एक डिटेक्टर असतो. दारावरचा वॉचमन आत-बाहेर जाणाऱ्यांच्या अंगावरून फिरवतो तसलाच.

आता प्रश्न असा की त्या डिटेक्टरच्या पोटात असलेल्या बॅटरीची चौकशी किती जण करतात? माझ्या ओळखीच्या एका पुरवठादाराच्या गोण्या चाकणच्या एका वर्कशॉपने परत पाठविल्या. सोबत डेबिट नोट लावली. गोण्या पुन्हा उघडल्या तेव्हा चेनचे दात आणि दोन हूक सापडले. त्याने पहिला राग छाटणाऱ्या बायकांवर काढला, दुसरा डिटेक्टर फिरविणाऱ्या पोरावर. पोरगा शपथेवर सांगत होता, की प्रत्येक ढिगावरून मशीन फिरविली, ती एकदाही वाजली नाही. पोरगा खरे बोलत होता. मशीन वाजली नव्हतीच, कारण बॅटरी उतरलेली होती. दिवा लागत होता, बटण दाबले की बारीक आवाजही येत होता, पण स्टेपलएवढी वस्तू हेरण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. भरपाई मात्र बायकांच्या मजुरीतून कापण्याची भाषा सुरू झाली होती. चार जणांनी समजावले तेव्हा ती थांबली.

तराजू बिघडला तर गिऱ्हाईक ओरडते. शिलाई मशीन बिघडली तर टाका सुटतो आणि लगेच दिसतो. डिटेक्टरची गोष्ट उलटी आहे. त्याचे बोलणे म्हणजे माल खराब, त्याचे गप्प बसणे म्हणजे माल चांगला. आणि मरायला टेकलेली मशीनही गप्पच बसते. मशीनच्या दांड्यात किंवा कड्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यात विजेचा झपाट्याने उलटसुलट होणारा प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. धातू जवळ आला की त्या क्षेत्रात फरक पडतो, आणि तो फरक ओळखून मशीन वाजते. चेनचा एक दात जो फरक पाडतो तो अगदी बारीक असतो. चांगल्या मशीनमध्ये व्होल्टेज सारखे ठेवण्याची सोय असते, आणि बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की वेगळा दिवा लागतो. स्वस्त मशीनमध्ये ती सोय नसते किंवा नावापुरती असते. बॅटरी जसजशी उतरते तसतसा मशीनचा कान बहिरा होत जातो. मोठा पाना तिला शेवटपर्यंत ऐकू येतो, पिन ऐकू येत नाही. आपण मात्र मशीन तपासताना खिशातली चावी दाखवितो आणि ती वाजली की समाधान मानतो!

म्हणून नमुना ठेवा. बनियनच्या एका तुकड्यात एक स्टेपल, दुसऱ्यात एक हूक, तिसऱ्यात चेनचा एक दात शिवून टाका. तुकड्यांना लाल दोरा लावा म्हणजे ते मालात हरवणार नाहीत. सकाळी काम सुरू करताना, जेवणानंतर आणि संध्याकाळी हे तिन्ही तुकडे मशीनला दाखवायचे, आणि वहीत वेळ लिहायची. संध्याकाळी एखादा तुकडा वाजला नाही तर जेवणानंतर तपासलेला सगळा माल पुन्हा तपासायचा. शिवलेला कपडा परदेशी पाठविणारे कारखाने तुटलेल्या सुईसाठी हेच करतात. जपानमध्ये १ जुलै १९९५ पासून सदोष मालाच्या जबाबदारीचा कायदा लागू झाला, तेव्हापासून त्या बाजारात जाणाऱ्या कपड्यांच्या बाबतीत सुईची तपासणी फार कडक झाली. त्यांची मशीन पट्ट्याची आणि मोठी असते, आपली हातातली आहे. वहीची पद्धत मात्र तीच चालते, आणि खरेदी खात्याचा माणूस आला तर ही वही त्याच्यापुढे ठेवता येते.

टेबलाबद्दलही सांगितले पाहिजे. लोखंडी टेबलावर, किंवा खिळे मारलेल्या फळीवर माल पसरून डिटेक्टर फिरविला तर तो टेबलच ऐकतो. हा घोटाळा फार जुना आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे हे शोधण्यासाठी टेलिफोनचे ग्रॅहॅम बेल यांनी आपले विजेचे यंत्र आणले. गोळी काही सापडली नाही, आणि पलंगाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला चकविले असे म्हटले गेले. गारफील्ड त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले. आपल्यासाठी त्यातला अर्थ इतकाच, की माल प्लास्टिकच्या टेबलावर, नाही तर जमिनीवर ताडपत्री टाकून तपासावा. आणि टेबलाच्या लोखंडामुळे मशीन सारखी वाजते म्हणून तिची धार कमी करून ठेवण्याची जी सवय आहे, ती सोडावी.

आता बॅटरीकडे येऊ. हाताच्या बहुतेक डिटेक्टरमध्ये नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते, जिची दोन्ही टोके एकाच बाजूला असतात. बाजारात ती चार जातींची मिळते, आणि दुकानदार चारही जातींना "नऊ व्होल्ट"च म्हणतो. साधी आणि अल्कलाइन या दोन वापरून फेकायच्या. उरलेल्या दोन चार्जिंगच्या, एक निकेलची आणि एक लिथियमची. साध्या बॅटरीत साधारण ४०० मिलिअँपिअर-तास माल असतो, अल्कलाइनमध्ये ५५० च्या आसपास, निकेलच्या चार्जिंग बॅटरीत १७० ते २५०, लिथियममध्ये कंपनीप्रमाणे ५०० किंवा थोडा अधिक. मिलिअँपिअर-तास म्हणजे काय, हे कापडवाल्याच्या भाषेत सांगायचे तर ताक्यात किती मीटर कापड आहे ते. व्होल्ट म्हणजे त्याचा पन्हा.

पन्ह्यातच फसवणूक होते. निकेलचा एक सेल १.२ व्होल्टचा असतो. सात सेल जोडले तर ८.४ व्होल्ट होतात, सहा जोडले तर ७.२. वरच्या कागदावर दोन्हींच्या मोठ्या अक्षरांत ९ लिहिलेले असू शकते. बारीक अक्षरात ८.४ किंवा ७.२ सापडते. ज्या मशीनचा लाल दिवा सात व्होल्टच्या आसपास लागतो, तिच्यात ७.२ ची बॅटरी घालणे म्हणजे ३६ पन्ह्याच्या कापडात ४४ चा सदरा बेतणे. तेव्हा ८.४ चीच मागा आणि कागद वाचून घ्या. लिथियमची चौकोनी बॅटरी दोन सेलची, ७.४ व्होल्टची असते. ती चालते, हलकीही असते, पण तिचा चार्जर वेगळा. निकेलच्या चार्जरमध्ये ती चुकूनही घालू नये.

आणखी एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. साधी किंवा अल्कलाइन बॅटरी हळूहळू उतरते, त्यामुळे लाल दिवा लागल्यावरही थोडा वेळ मिळतो. निकेलची बॅटरी बराच काळ एकाच पातळीवर राहते आणि शेवटी एकदम पडते. म्हणजे सकाळच्या परीक्षेत ती पास होते आणि दुपारी चार वाजता बसते. जेवणानंतरची तपासणी टाळू नये ती याचसाठी.

खर्च कागदावर मांडून पाहू. समजा मशीन १० मिलिअँपिअर खाते आणि रोज आठ तास चालते. रोजचे ८० झाले. वर्षात कामाचे ३०० दिवस धरले तर २४,००० मिलिअँपिअर-तास लागतील. अल्कलाइनने भागविले तर वर्षाला सुमारे ४४ बॅटऱ्या फेकाव्या लागतील. निकेलची २०० ची बॅटरी घेतली आणि दर दोन दिवसांनी चार्ज केली तर वर्षात १५० वेळा चार्जिंग होईल. तीन बॅटऱ्या पाळीपाळीने वापरल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ५० वेळा. नीट वापरलेली निकेलची बॅटरी काही शे वेळा चार्ज होते, म्हणजे तीन बॅटऱ्यांत काही वर्षे सहज निघतात. आपल्या दुकानदाराचा आजचा भाव या आकड्यांत भरा आणि नफा-नुकसान स्वतः पाहा. मशीन वाजताना जास्त खाते हेही धरा. ज्याचा डिटेक्टर आठवड्यातून तासभरच चालतो त्याने चार्जिंगच्या भानगडीत पडूच नये, अल्कलाइन घ्यावी. निकेलची बॅटरी नुसती पडून राहिली तरी पहिल्या महिन्यात पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त उतरते. टेबलाच्या खणात तीन महिन्यांपूर्वी चार्ज करून ठेवलेली जादा बॅटरी भरलेली आहे असे मानणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय.

चार्ज करताना किती वेळ लावावी, याचे उत्तर चार्जरच्या पाठीवर असते. तिथे नऊ व्होल्टच्या खाचेसाठी किती मिलिअँपिअर हे लिहिलेले असते. बॅटरीच्या आकड्याला १.४ ने गुणा आणि चार्जरच्या आकड्याने भागा. २०० ची बॅटरी आणि २० चा चार्जर असेल तर १४ तास. २५० ची असेल तर साडेसतरा. चार्जर १२ चाच असेल तर २०० च्या बॅटरीलाही तेवीस तासांहून अधिक लागतात. आपण रात्री नऊला लावतो आणि सकाळी सातला काढतो, म्हणजे दहा तास. मग बॅटरी दिवसभर टिकत नाही म्हणून दुकानदाराला शिव्या देतो. याच्या उलट, स्वस्त चार्जर आपणहून बंद होत नाही. बॅटरी त्यावर तीन दिवस राहिली तर तापून आतून सुकते.

इथे आपल्या भागाच्या गुरुवारचा संबंध येतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडे महावितरण देखभालीच्या कामासाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवते, आणि अनेक लहान कारखान्यांची सुटीही त्याच दिवशी असते. बुधवारी संध्याकाळी बॅटरी चार्जरला लावून शटर ओढले की ती थेट शुक्रवारी सकाळी काढली जाते. मधे वीज किती तास होती आणि किती तास नव्हती, याचा पत्ता नसतो. घड्याळावर बंद होणारा चार्जर असेल तर वीज परत आल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. म्हणून सुटीच्या आदल्या दिवशी बॅटरी लावूच नये. मंगळवारी रात्री लावावी, बुधवारी वेळ भरली की काढावी, आणि शुक्रवारी सकाळी तीच वापरावी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागात कारवाई करून हजारो शेड पाडली, तेव्हापासून ही अडचण वाढली आहे. माझ्या ओळखीचे काही जण मिळेल त्या भाड्याच्या जागेत गेले. स्वतःचे मीटर नाही, शेजाऱ्याकडून घेतलेली एक वायर, तीही संध्याकाळी मालक काढून घेतो. अशा ठिकाणी चार्जर घरी ठेवावा आणि बॅटरीच घरी न्यावी. ती मुठीत मावते. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी चार्जिंग करण्यात तसाही अर्थ नाही, कारण चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वर निकेलची बॅटरी चार्ज नीट घेत नाही.

जुने लोक सांगतात, की बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी. हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. चौकोनी बॅटरीला तो लावू नका. आतले सात सेल कधीच सारखे नसतात. पूर्ण उतरविताना सगळ्यांत कमजोर सेल आधी रिकामा होतो, आणि बाकीचे सहा त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात. तो सेल तिथेच मरतो. ओळख पटवायची असेल तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून ४७० ओहमचा एक रेझिस्टर आणा, तो बॅटरीच्या टोकांना लावून मीटरने मोजा. नुसते मोजले तर मेलेली बॅटरीही ताजी दिसते. वजन लावल्यावर ८.४ च्या आसपास आकडा आला तर ठीक. ७.७ च्या खाली गेला तर चार्जला लावा. आणि पूर्ण चार्ज करूनही आकडा ७.२ च्या पुढे जात नसेल तर एक सेल गेला, बॅटरी बाद करा.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त भीती वाटते ती सांगतो. चौकोनी बॅटरीची दोन्ही टोके शेजारी शेजारी असतात. तिच्यावर पिन, हूक किंवा चावी आडवी पडली की टोके जोडली जातात आणि ती वस्तू तापते. लोखंडी काथ्या लागला तर तो पेटतो. आता आपले गोदाम डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला कापसाची तूस, दुसऱ्या बाजूला छाटणीत निघालेल्या पिना आणि हुकांचा डबा, आणि बदललेली बॅटरी पोराने त्याच डब्यात टाकलेली. कुदळवाडीच्या गोदामांना लागलेल्या आगी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. काढलेल्या बॅटरीच्या टोकांवर ताबडतोब चिकटपट्टी लावावी, चार्ज केलेली जादा बॅटरी प्लास्टिकच्या झाकणाच्या डबीत ठेवावी, खिशात सुट्या नाण्यांबरोबर नाही. चार्जर गोणीवर ठेवू नये. फरशी किंवा विटेवर ठेवावा, भोवती दोन हात जागा मोकळी ठेवावी. कारखान्यातून परत आलेली तेलकट चिंधी तर त्या खोलीतच नको. फुगलेली लिथियम बॅटरी दिसली तर ती पुन्हा चार्ज करून पाहण्याची हौस करू नये.

बॅटरी मशीनमध्येच महिनाभर विसरली तर तिची टोके पाझरतात आणि पत्र्यावर पांढरी किंवा हिरवी पुटे चढतात. अल्कलाइनचे पाझरलेले असेल तर कापसाच्या बोळ्याला थोडे व्हिनेगर किंवा लिंबू लावून पुसावे, साध्या बॅटरीचे असेल तर पाण्यात कालविलेला खाण्याचा सोडा. मग कोरडे करावे. कितीतरी मशीन याच कारणाने "बिघडल्या" म्हणून भंगारात जातात.

काही वाचकांचा संबंध दारासारख्या चौकटीच्या डिटेक्टरशीही येतो. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मन बेकरीत स्फोट झाला, त्यानंतर मॉल आणि कंपन्यांच्या दारांत अशा चौकटी जास्त दिसू लागल्या, आणि आपली बरीच मुले तिथे सुरक्षारक्षक आहेत. ती चौकट विजेवर चालते, वीज गेली की आतल्या किंवा बाजूच्या बारा व्होल्टच्या बंद शिशाच्या बॅटरीवर. त्या बॅटरीचा स्वभाव निकेलच्या उलट. तिला सदैव चार्जरवर, साडेतेरा व्होल्टच्या थोडे वर ठेवलेले आवडते. रिकामी ठेवली तर काही आठवड्यांत आतल्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो, आणि मग ती कितीही चार्ज केली तरी वीज धरत नाही. सुटीत मेन स्विच बंद करून चौकट तशीच बॅटरीवर चालू सोडली, तर हेच होते.

मेलेल्या बॅटरीचे काय करायचे? २००१ चे नियम शिशाच्या बॅटऱ्यांपुरतेच होते. २२ ऑगस्ट २०२२ च्या नियमांत सर्व जातींच्या बॅटऱ्या आल्या. त्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनविणाऱ्यावर टाकली आहे, आणि वापरणाऱ्याने त्या घरच्या कचऱ्यात मिसळू नयेत असे सांगितले आहे. शिशाची बॅटरी आपण फुकट देत नाही, तिला भाव आहे. छोटी चौकोनी बॅटरी भंगारवाल्याला नको असते, म्हणून ती ओढ्यात जाते, नाही तर पोरे ती फोडून आत काय आहे ते पाहतात. निकेल-कॅडमियमची असेल तर आतले कॅडमियम विषारी असते. टोकांना पट्टी लावून एका प्लास्टिकच्या बरणीत साठवा आणि बरणी भरली की ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. बरणी गोदामात नको, बाहेर ठेवा.